आठ निळ्या रेघा

१

फेब्रुवारी १९८४ मधल्या एका शनिवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास, परळच्या आमच्या इस्पितळात टेम्पोतून एक माणूस आणला. मी अपघात वॉर्डात नर्स होते. माणसाची छाती डाव्या बाजूने आत गेली होती. शर्ट कापला तेव्हा त्याच्या कातडीवर एक वाकडा, रुंद वळ दिसला, एखाद्या मोठ्या कड्याचा ठसा उमटावा तसा.

सोबत आलेला धिप्पाड कोळी माझ्याकडे बघेना. मला वाटलं, रक्ताला घाबरलाय. तो बुधाजी होता, शीव कोळीवाड्याचा. ट्रॉलीवरचा त्याचा धाकटा भाऊ जगन.

डॉक्टर धावाधाव करत होते, पण उपयोग नव्हता. जगन शुद्धीवर होता, हेच जास्त वाईट होतं. त्याने माझं मनगट पकडलं.

"नाना बोलला," तो म्हणाला. "लाकडांच्या मागनं वरडत व्हता. थांब, थांब, आनंदाला येऊ दे. मी ऐकला नाय."

"बोलू नका," मी म्हटलं.

"भरती व्हायच्या आत जायाचा होता ना. म्हणून मीच हवा भरली."

नऊ वाजायच्या आत तो गेला. त्याचे डोळे मिटताना माझ्या मनात त्याच्या दोन शब्दांनी घर केलं. नाना आणि आनंदा. मुंबईत आनंदा पुष्कळ असतील. पण लाकडाच्या वखारीत नाना नावाचा माणूस आणि हवा भरायचं चाक एकत्र येतं, तिथला आनंदा एकच होता. माझा धाकटा भाऊ.

बुधाजी आता माझ्याकडे सरळ बघत होता.

"शिस्टर," तो म्हणाला, "ते चाक तुझ्या भावाने बनवलंय."

२

आनंदा लालबागच्या एका गिरणीत फिटर होता. संपात बाहेर पडला तो कायमचाच. गिरणीने परत घेतलं नाही. वर्षभर तो घरात भिंतीकडे तोंड करून बसला. मग आमच्याच चाळीतल्या नानांनी त्याला उभं केलं. नाना त्याच गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर म्हणजे मुकादम होते. संपानंतर रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत राखणदार म्हणून लागले आणि बरेचदा तिथेच राहत. वखारीच्या कोपऱ्यातली एक पत्र्याची शेड त्यांनी मालकाकडून आनंदाला मिळवून दिली. आमची आई रोज देवापुढे नानांचं नाव घ्यायची.

त्या दिवशी दुपारी मी पोलीस चौकीत गेले तेव्हा आनंदा कोठडीत होता. सबइन्स्पेक्टर तरुण होता आणि त्याचं मत ठरलेलं होतं.

"निष्काळजीपणा," तो मला म्हणाला. "तुमच्या भावाने भंगारातले बोल्ट लावले. सोळा लांब, आठ आखूड. आठ आखूड निसटले, त्या ओढीने बाकीचे तुटले, कडं उडालं, माणूस मेला."

"मी आखूड लावले नाहीत," आनंदा गजांमागून म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मला तो लहान असतानाचा वाटला.

"मग चाक आहे तरी काय हे? नीट सांग," मी म्हटलं. तो रोज काय करतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याने सांगितलं. बुधाजीने लष्कराच्या लिलावातून चारही चाकं ओढणारा एक जुना ट्रक घेतला होता. ओहोटीला होड्या लांब चिखलात अडकतात. तिथवर ट्रक नेऊन मासळी सगळ्यांआधी दादरला पोचवायची, असा त्याचा बेत. चिखलात चालायचं तर टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पण हवा कमी असली की वळताना टायरची कड रिमवरून निसटते.

"म्हणून मी रिमच्या बाहेरच्या काठाला जाड लोखंडी कडं वेल्ड केलं," आनंदा म्हणाला. "टायरची कड त्याच्यावर बसवायची, वरून दुसरं कडं ठेवायचं आणि चोवीस बोल्टांनी आवळायचं. दोन कड्यांच्या मध्ये टायर चिमट्यात धरल्यासारखा राहतो. बीडलॉक म्हणतात त्याला. मिलिटरीच्या एका पुस्तकात चित्र होतं. चार चाकं केली, दोन महिने चिखलात चालली. त्यातली दोन वाकली, म्हणून बुधाजीने अजून दोन मागितली. ती काल संध्याकाळी आवळून ठेवली होती."

"आणि हवा?"

"रात्रभर रबर बसू द्यायचं. सकाळी पहिली हवा पूर्ण भरायची, टायर जागेवर बसला की कमी करायची. ती पहिली हवा मीच भरतो, ताई. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. वाकून उभं राहावं लागतं चाकावर."

"सकाळी बोल्ट तपासायचे नाहीत का?" सबइन्स्पेक्टरने विचारलं.

"आवळून झाला की मी बोल्टच्या डोक्यावरनं वरच्या कड्यावर एक निळी रेघ मारतो. सकाळी रेघ सरळ दिसली म्हणजे बोल्ट हललेला नाही. चोवीस बोल्ट, चोवीस रेघा."

सबइन्स्पेक्टर हसला नाही, पण त्याला बरं वाटल्याचं दिसलं. "कड्यावर सोळा रेघा आहेत," तो म्हणाला. "मी स्वतः मोजल्या. आखूड आठ बोल्टांच्या जागी रेघच नाही. म्हणजे तू ते आठ आवळलेच नाहीस."

आनंदाने माझ्याकडे बघितलं. "मी चोवीस मारल्या, ताई."

मी गजाला धरून उभी राहिले. त्या क्षणी माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. आणि दुसरी एक गोष्ट मला आतून खात होती. त्या सकाळी रॉकेलच्या रांगेत मीच त्याला उभं केलं होतं. मी सांगितलं नसतं तर तो आठ वाजता शेडमध्ये असता. चाकावर वाकलेला.

मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दचकून वळले. नाना होते.

"घाबरू नको, पोरी," ते म्हणाले. "मी आहे ना."

३

रविवारी सकाळी मी रे रोडला गेले. शेडला पोलिसांचं सील होतं आणि दारात कुशाबा हवालदार स्टुलावर बसले होते. त्यांच्या बायकोचं बाळंतपण आमच्या इस्पितळात झालं होतं, तेव्हापासूनची ओळख. त्यांनी मला बाहेर ठेवलेलं उडालेलं कडं बघू दिलं.

कडं जमिनीवर पडलं होतं. एका बाजूने पुरीसारखं वर उचललेलं. मी भोकं मोजली. सोळा भोकांजवळ निळी रेघ होती, काळसर, तेलकट. लागून असलेल्या आठ भोकांजवळ काही नव्हतं.

"हे आठ कुठल्या बाजूचे?" मी विचारलं.

"हवेच्या व्हॉल्वच्या बाजूचे," कुशाबा म्हणाले. "म्हणूनच कडं त्याच्या अंगावर आलं. व्हॉल्वजवळच माणूस वाकतो ना."

विसरलेले बोल्ट असे एका जागी, नेमके माणूस वाकतो त्याच बाजूला, कसे येतील?

"हे धुतलंय का हो?"

"धुतलं. रक्ताचं थारोळं होतं. फोटोवाला आला नाही, साहेब म्हणाले, उचलून ठेवा. दोन बादल्या मीच ओतल्या." त्यांनी आवाज खाली आणला. "सिस्टर, एक सांगू? रक्तात मधेच निळी धार वाहिली. मला कसंतरी झालं. माणसाच्या अंगातून निळं काय येईल?"

मलाही कळत नव्हतं.

शेडसमोर दहा-बारा पावलांवर सागाच्या ओंडक्यांची उंच रास होती. तिच्यामागे नानांची खोली. नाना दोरीवर कपडे वाळत घालत होते. त्यांचं धोतर आणि सदरा नेहमीच पांढरे शुभ्र असत. बायको गेल्यापासून ते स्वतःच धूत. मला बघून त्यांनी चहा ठेवला.

"काल तुम्ही जगनला थांब म्हणालात," मी म्हटलं.

त्यांचा हात क्षणभर कपावर थांबला. "म्हणालो. पोरगं ऐकेल तर ना. मन सांगत होतं काहीतरी होणार."

"वाचवायला बघितलंत तुम्ही."

"काय उपयोग झाला." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "कांता, आत ते दुसरं चाक आहे ना, ते पोलिसांना सांगून भंगारात देऊन टाक. लवकर. अपशकुनी आहे. कुणी हात लावायला नको त्याला."

किती काळजी या माणसाला, असं मला वाटलं. चहा पिऊन मी निघाले. खिडकीत साबण, दाढीचा आरसा आणि कागदाची एक लहान पुडी होती. बघितलं, पण तेव्हा मनात काही आलं नाही.

४

तिथून मी शीव कोळीवाड्याला गेले. जगनच्या घरासमोर बायका बसल्या होत्या. मी कोण हे कळल्यावर त्या गप्प झाल्या. बुधाजीची बायको गुणवंती उठून आत निघून गेली. मला परत फिरावंसं वाटलं. पण एक म्हातारी कोळीण काठी टेकत पुढे आली.

"तू त्या फिटरची बहीण? मी राधाबाई. मना इच्यार काय इच्यारायचा ता. पोलिसांनी पण इच्यारला."

चिखलातून डोक्यावर पाट्या वाहून आणणाऱ्या बायकांची ती मुकादम होती. ट्रक आल्यापासून त्यांचं काम गेलं होतं. तिने भर बाजारात ट्रकला शिव्याशाप दिल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"तुम्हाला ट्रक नको होता," मी म्हटलं.

"नकोच. जळू दे तो. पण गो, मी शाप दिला, पाना नाय धरला. आन जगन माझ्या हातावर जन्मला." ती खाली बसली. मग तिने काठीने किनाऱ्याकडे दाखवलं.

बुधाजी होडीला टेकून उभा होता. पोलिसांना त्याचाही संशय होता. ट्रकवरून दोघा भावांची भांडणं व्हायची.

"काल तू जगनजवळ पहिला पोचलास," मी म्हटलं. "कडं बघितलंस?"

"माझ्या हातानेच उचलला त्याच्या अंगावरनं."

"त्याच्यावर निळ्या रेघा होत्या?"

"होत्या की. सगळीकडं."

"सोळा?"

"मोजत बसलो नाय. पण मोकळी जागा कुठं नव्हती. गोल सगळी निळी टिकली. मना आठवताय, कारण जगनचं रगत त्याच्यावरनं वाहात होता." तो तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिला.

म्हणजे पाणी ओतण्याआधी चोवीस रेघा होत्या. ओतल्यावर सोळा उरल्या.

"आधीची चार चाकं भरली तेव्हा तुम्ही सगळे होतात?"

"मी, जगन, नाना. आनंदा आमाला लांब उभं करायचा. नाना तेवढा ऐकायचा नाय. स्टूल घेऊन चाकाला लागून बसायचा, चहा प्यायचा. बोलायचा, पोराच्या कामावर माझा विश्वास हाय."

मी परत घरी आले. दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीसाठी पांढरी साडी धुवायची होती. बादलीत नीळ टाकली आणि साडी बुडवताना एक थेंब मोरीच्या कठड्यावर पडला. वाळून त्याचा निळा ठिपका झाला. मी त्यावर तांब्याभर पाणी टाकलं. निळी धार वाहून गेली आणि कठडा कोरा झाला.

मी तशीच ओल्या हातांनी उभी राहिले. आनंदाची निळी शाई मला माहीत होती. फिटर लोकांची, तेलातली, डबीत मिळणारी. त्याच्या शर्टावर पडलेला डाग मी साबणाने, रॉकेलने, कशानेही काढू शकले नव्हते. ती डबी तो शेडमध्ये ठेवत नसे. रोज पिशवीत घालून घरी आणायचा.

कुणीतरी आनंदाचे आठ बोल्ट काढून आखूड लावले होते. मग रेघा पुन्हा मारल्या होत्या. त्याच्यापाशी तेलातली शाई नव्हती, आणि फरक पडतो हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने कपड्यांची नीळ वापरली. असं करणारा माणूस फिटर नव्हता. आणि त्याला फक्त ट्रक मोडायचा नव्हता. त्याला व्हॉल्ववर वाकलेला माणूस हवा होता. पहिली हवा भरणारा.

जगन चुकून मेला होता. मरायचं होतं आनंदाला.

मग मला नानांच्या खिडकीतली पुडी आठवली. नीळ तशाच पुडीत मिळते. आणि जगनचे शब्द, या वेळी वेगळ्या अर्थाने. लाकडांच्या मागनं वरडत व्हता. जो माणूस चार वेळा चाकाला लागून बसला, तो पाचव्या वेळी ओंडक्यांच्या राशीमागे का उभा होता? जगनला थांबवायचं होतं तर दहा पावलं पुढे येऊन त्याचा हात का नाही धरला?

बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला. "कांता, बघ कोण आलंय."

नाना आमच्या खाटेवर बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर हात.

"उद्या कोर्टात मी जामीन राहतो," ते म्हणाले. "सुटला की चार दिवस त्याला रे रोडला माझ्याकडे नेतो. चाळीत लोक टोचून बोलतील. तिथे आम्ही दोघेच."

"देव तुमचं भलं करो," आई म्हणाली.

मी चहा केला. कपबशी नानांच्या हातात देताना ती वाजू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरली होती.

५

संध्याकाळी कुशाबांनी मला कोठडीपाशी पाच मिनिटं दिली.

"उद्या जामीन घेऊ नको," मी आनंदाला म्हटलं.

"वेडी झालीस का?"

"नानांनी तुझं काय वाकडं केलंय ते सांग. किंवा तू त्यांचं."

त्याने खाली बसून, गजांशी तोंड आणून सांगितलं.

संपाच्या आठव्या-नवव्या महिन्यात त्यांच्या गिरणीतला दगडू नावाचा कामगार चोरून कामावर जायला लागला होता. बायको रखमा, लहान मुलगी कमल. घरात खायला नव्हतं. एका पहाटे गिरणीमागच्या गल्लीत तो डोकं फुटून पडलेला सापडला. तीन दिवसांनी तो माझ्याच वॉर्डात वारला. पोलिसांना मारणारा सापडला नाही.

"मी बघितलं होतं," आनंदा म्हणाला. "मी गल्लीच्या तोंडाशी होतो. नाना होते. हातात साच्याचा दांडा. एकटेच."

"दीड वर्ष तू गप्प बसलास?"

"नाना होते, ताई. त्यांच्या जिवावर आपण जेवत होतो." तो कपाळ गजावर घासत होता. "गेल्या महिन्यात रखमा लालबागच्या बाजारात दिसली. कमलच्या अंगावर फाटका फ्रॉक. मला झोप लागेना. मी ठरवलं, तिला सांगायचं. पण आधी नानांना सांगितलं. त्यांना न विचारता कसं करू? ते म्हणाले, बरोबर आहे तुझं. बुधाजीचं एवढं काम पुरं कर, मग आपण दोघे जाऊन सांगू."

"कधी म्हणाले?"

"मागच्या आठवड्यात."

कोठडीच्या पिवळ्या दिव्याखाली त्याचा चेहरा मातीचा दिसत होता. त्यालाही आता कळलं होतं.

"ते मला शाळेत सोडायला यायचे," तो म्हणाला.

मी कुशाबांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेब म्हणतील, नीळ घरोघरी असते. मेलेल्या माणसाचे शब्द आणि एका आरोपीची साक्ष. याच्यावर काय होणार?"

"दुसरं चाक," मी म्हटलं. "आनंदाने दोन आवळली होती. सकाळी तो आधी कुठलं भरेल हे नानांना माहीत नव्हतं, म्हणजे बोल्ट दोन्हींचे बदललेले असणार. आणि जगन मेल्यावर लगेच शेडला सील लागलं. ते परत आत गेलेच नाहीत."

६

सोमवारी सकाळी आठ वाजता सबइन्स्पेक्टर कंटाळलेल्या चेहऱ्याने रे रोडला आला. सील तोडलं. दुसरं चाक जमिनीवर आडवं होतं, त्यावर चोवीस निळ्या रेघा.

मी ओला बोळा घेतला आणि एकेक रेघ पुसत गेले. पहिली गेली नाही. दुसरी, तिसरी गेली नाही. व्हॉल्वजवळ आले आणि बोळा निळा झाला. एकामागून एक आठ रेघा पुसल्या गेल्या. सबइन्स्पेक्टर पुढे झुकला. त्याने पाना मागवून त्यातला एक बोल्ट काढला. पाऊण इंचाचा. पलीकडचा काढला, तो दीड इंचाचा निघाला.

"फक्त दोन आटे पकडलेत," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "ठीक आहे बाई. तुमच्या भावाने हे केलं नाही. पण कुणी केलं याचा हा पुरावा नाही."

"दोन्ही बोल्ट परत होते तसे लावा," मी म्हटलं. "आणि कुशाबांना सांगून नानांना बोलवा. या चाकाबद्दल त्यांना काही सांगू नका."

नाना आले तेव्हा मी चाकावर वाकले होते, जगन वाकला होता तशीच. हवेची नळी व्हॉल्वला लावलेली. कुशाबांनी हवेच्या पंपाची मोटर चालू केली आणि पत्रे थडथडू लागले. बुधाजी भिंतीला पाठ लावून उभा होता.

"आनंदा आज सुटतोय," मी मोठ्याने म्हटलं. "बुधाजीचं चाक पुरं करून देतोय आम्ही. बसा ना इथे, नाना. स्टूल ठेवलंय."

नाना बसले नाहीत. ते मागे सरकत सरकत ओंडक्यांच्या राशीपाशी गेले आणि तिच्या आड उभे राहिले. मला त्यांचा फक्त खांदा दिसत होता.

"तू नको भरू," ते ओरडले. "कांता, थांब. आनंदाला येऊ दे."

मी मान वर केली नाही. माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर ते लोखंडी कडं होतं. मोटरचा आवाज वाढत होता. जगनच्या अंगावरचा वळ डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"थांब पोरी. ऐक माझं."

मी नळी धरून राहिले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ढलप्यांवरून धावत येणारी पावलं ऐकू आली. नानांनी मला खांद्याला धरून मागे ढकललं आणि नळी उपटून फेकली.

"आखूड आहेत ते," ते धापा टाकत म्हणाले. "निम्म्या लांबीचे. उडेल ते. मरशील."

कुशाबांनी मोटर बंद केली. पंपाच्या टाकीत हवा नव्हतीच. तिचा खालचा नळ त्यांनी आधीच उघडून ठेवला होता.

"नाना," सबइन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, "हे चाक शनिवारपासून सीलबंद होतं. याचे बोल्ट आखूड आहेत हे आम्हालाच आत्ता कळलं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

नाना त्या स्टुलावर बसले. आपले हात त्यांनी उलटेसुलटे करून बघितले. मला वाटलं होतं, ते खोटं बोलतील. पण ते बोलले ते बुधाजीकडे बघून.

"तुझ्या भावाला मारायचं नव्हतं. मी त्याला ओरडलो. पुढे यायला पाय उचलेना. उडेल म्हणून भ्यालो."

बुधाजी भिंतीपासून हलला. कुशाबा मध्ये गेले.

"आणि दगडू?" मी विचारलं.

"त्यालाही मारायचं नव्हतं. धाक दाखवायचा होता. सगळे उपाशी राहून टिकून होते आणि हा गुपचूप आत जात होता. एकच बसला दांडा." त्यांनी हात मांडीवर पुसले. "पण आनंदाचं मी ठरवून केलं. तो मला विचारायला आला, नाना, सांगू ना? लहानपणी विचारायचा तसा. म्हटलं, हा आता सांगणारच."

"बोल्ट कुठे टाकलेत?" सबइन्स्पेक्टरने विचारलं.

"खाडीत," नाना म्हणाले. "सोळाच्या सोळा."

७

आनंदा त्याच दुपारी सुटला. घरी आल्यावर आईने त्याला जवळ घेतलं, पण बोलली नाही. दोन दिवस ती जेवली नाही आणि देवापुढे बसली तरी तोंडातून एकही नाव काढत नव्हती. चाळीच्या जिन्यात पावलं वाजली की आम्ही तिघेही दाराकडे बघायचो. नाना तुरुंगात आहेत हे माहीत असूनही.

बुधाजीने चारही चाकांवरची कडी काढून टाकली आणि ट्रक विकला. पुढच्या ओहोटीला राधाबाईच्या बायका पुन्हा चिखलात उतरल्या.

खटल्यात साक्ष द्यायच्या आधी आनंदा म्हणाला, "कोर्टात सांगण्याआधी तिला सांगायला हवं." मी त्याच्याबरोबर गेले. रखमा लालबागलाच दहा बाय दहाच्या खोलीत राहत होती. ती पापड लाटत होती. आनंदा दारातच उभा राहिला आणि सगळं बोलला. गल्ली, दांडा, कुणाच्या हातात होता, आपण कुठे उभे होतो. दीड वर्ष गप्प का राहिलो तेही.

रखमाने लाटणं खाली ठेवलं नाही. आनंदाचं बोलून झालं तरी ती पोळपाटावरच्या पापडाकडेच बघत होती. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होते. तिने दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही तिथे होतात," शेवटी ती म्हणाली. "हाक तरी मारायची होतीत."

आनंदाने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

आतून एक नऊ-दहा वर्षांची मुलगी बाहेर आली आणि आईच्या पाठीला टेकून आमच्याकडे बघू लागली. रखमाने हात पुसले, तिला पुढे ओढलं आणि आनंदासमोर जमिनीवर बसवलं.

"ही कमल," ती म्हणाली. "बाप गाडीखाली आला, असं सांगितलंय मी हिला. आता तुम्ही सांगा. माझ्याच्याने होणार नाही."

आनंदा तिच्यासमोर मांडी घालून बसला. मी दार लावून घेतलं.